पट्ट्याजवळची फणी

मला अमरावतीतून घालवलं ते एका पत्रकापायी, आणि अकोल्यात त्या उन्हाळ्यात जे झालं त्यानंतर पत्रकांवरून माझं मन उडालं. पुरतं नाही उडालं, सवय कुठं जाते? अजूनही कुणी अन्याय सांगायला लागलं की मला आधी मथळा सुचतो, समोरचा माणूस मागाहून दिसतो. पण त्या उन्हाळ्यावर मी कधी लिहिलं नाही, सभेत बोललो नाही, कुणी विचारलं तर विषय बदलला. आता बदलायला फारसे विषय उरलेले नाहीत. थकवाही असा आला आहे की खोटं रचण्यापेक्षा खरं सांगणं सोपं पडतं. म्हणून लिहितो.

आमचा मळा अमरावतीच्या वेशीबाहेर होता. वांगी, मेथी, कांदे, बांधाला झेंडू. माय पहाटे टोपली भरून बाजारात जाऊन बसायची आणि दुपारी रिकामी टोपली डोक्यावर उपडी घालून घरी यायची, ऊन लागू नये म्हणून. मग समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला अचानक एवढी किंमत आली की लोकांनी अंगणातली तुळस तेवढी सोडली, बाकी जिथं मूठभर माती दिसली तिथं सरकी टोचली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बापानं वांग्यांचे वाफे मोडले तेव्हा माय बांधावर उभी राहून म्हणाली, "कापूस खाता येते का? उद्या पोट्ट्यायले काय, सरकीची भाजी करून घालू?" बापानं सरकीची पाटी उचलली. त्या वर्षी अमरावतीच्या बाजारात भाजी मिळेनाशी झाली आणि आम्ही माळी असून चांदूरकडून आलेले कांदे विकत घेतले. लोक त्या काळाला सोन्याचा काळ म्हणतात. म्हणोत. मी त्या काळात कोरडी भाकरी तिखटाबरोबर खाल्लेली आहे.

पत्रक एका भगताविरुद्ध होतं. कापसाला बोंडअळी लागू नये म्हणून तो शेतात पुरायचे ताईत विकायचा. मी आणि दोन मित्रांनी शिळेवर छापून घेतलं आणि बाजाराच्या भिंतीभिंतींवर डकवलं: 'देव विकणाऱ्यांनो, वजनकाटा तरी खरा ठेवा.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी ताईत घेतलेले निम्मे लोक आमच्या दारात काठ्या घेऊन उभे. भगताचा राग नव्हता त्यांना, माझा होता. बापानं त्यांची समजूत घातली आणि मला म्हणाला, "तुले तोंड आवरत नाई, मले लोकं आवरत नाई. तू अकोल्याले जाय, सोनाआत्याकडे. तिथल्या शाळेत शिक, नाई तं झाडू मार, पण तिथं रायजो."

सोनाआत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. तिचा नवरा धारणीकडं सागाच्या ओंडक्यांच्या कामाला गेला आणि तिकडच्या तापानं तिकडंच राहिला. मोर्णा नदीच्या काठाजवळ दोन खणांचं मातीचं घर, दारात शेवगा, आणि घरभर रेच्याचा आवाज. रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी हातयंत्र: दोन लाटण्यांमधून कापूस जायचा, पलीकडं रुई पडायची, अलीकडं सरकी. आत्या आणि शेजारच्या बाया एका ओळीत बसून ते फिरवायच्या. करकर, करकर. तो आवाज दिवसभर चालायचा आणि थांबला की कान रिकामे वाटायचे. आत्याला मिश्रीचं व्यसन होतं. जेवण झालं की खापरावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, त्या धुरानं मला ठसका लागायचा, आणि ती बोटानं दात घासत घासत म्हणायची, "शिकून राहिला ना तू, मंग धुराले भेतं काहून?" अंबाडीची भाजी ती अशी करायची की आंबटपणानं डोळे मिटावे. पुढं पुण्यामुंबईत मी चांगल्या चांगल्या पंगतींना बसलो. ती भाजी कुठं मिळाली नाही.

मग इंजिन आलं. रूळ अजून अकोल्याला पोचले नव्हते, त्यामुळं त्याचे लोखंडी तुकडे बैलगाड्यांवर लादून आणले आणि गाव दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहत होतं. आणणारे दाजीसाहेब, पिढ्यान्‌पिढ्यांचे कास्तकार, भावाच्या तेजीत कारखानदार झालेले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. इंजिन जोडल्यावर त्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि मगच पाणी तापवून बाफ चढवू दिली. एका लांब चामडी पट्ट्यानं इंजिन ओळीतले रेचे फिरवायचं. घरोघरचे रेचे बंद पडले आणि आत्यासकट सगळ्या बाया कारखान्यात मजुरीला लागल्या. पट्टा चाकावरून घसरू नये म्हणून त्याला राळेची पूड लावायचे. ती पूड आणि उडती रुई मिळून पट्ट्याखाली, भिंतीला, बायांच्या भुवयांना पिवळट थर बसायचा.

फाल्गुन सरला की अकोल्याची हवा इतकी कोरडी होते की घोंगडी झटकली तरी तडतडते. कारखान्यात तर त्याचा खेळच झाला होता. पट्ट्याजवळून जाताना बायांच्या अंगावरची लव उभी राहायची, आणि कुणी चुकून तेलाच्या पितळी भांड्याला हात लावला की बोटाला चटका बसायचा. त्या हसायच्या. "इंजिन चावलं वो माय!" मीही एकदा बोट पुढं केलं. बारीक, निळी, सुईएवढी ठिणगी आली, आणि आवाज काडी मोडावी तसा.

ती ठिणगी काय आहे हे मला शाळेतल्या भास्करपंत मास्तरांनी दाखवलं. पुण्याकडचे, सडपातळ, सदा सर्दी झालेले. मुंबईहून त्यांनी पदरच्या पैशानं एक यंत्र आणलं होतं. काचेचं चाक, त्याला घासणाऱ्या चामडी गाद्या, आणि आतून-बाहेरून पत्र्यानं मढवलेली काचेची बरणी. बरणीच्या तोंडातून एक दांडी वर आलेली, तिच्या टोकावर लिंबाएवढा पितळी गोळा. चाक फिरवायचं, वीज बरणीत साठत जायची. मग बरणीच्या बाहेरच्या पत्र्याला जोडलेली पितळी तार गोळ्याजवळ आणली की फटकन ठिणगी उडायची आणि वर्ग दचकायचा. मग मास्तरांनी गोळ्यावर मेणानं एक शिवणाची सुई चिकटवली. चाक तितकंच फिरवलं. तार जवळ नेली, काही नाही. अजून जवळ, तरी काही नाही. नुसता स्स्स असा आवाज.

"कुठं गेली वीज?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी दारं-खिडक्या लावायला सांगितल्या. अंधारात सुईच्या टोकावर जांभळट उजेडाचा एक कण दिसला, जोंधळ्याएवढा. "हवा ही भिंत आहे असं समजा," मास्तर म्हणाले. "वीज आतून रेटते आहे. गोळा गुळगुळीत असला की रेटा सगळीकडं सारखा वाटला जातो, भिंत पुष्कळ वेळ टिकते, वीज साठत राहते, आणि फुटते तेव्हा एकदम फुटते. ती ठिणगी. पण कुठं टोक असलं, चरा असला, नुसता एक कण चिकटलेला असला, की सगळा रेटा तिथं एकवटतो. धातूला लागून असलेली केसभर हवा तेवढी फुटते, आणि वीज गुपचूप गळून जाते. साठतच नाही. मग ठिणगी कशाची उडणार?" पुढं मी याच विषयावरची मोठमोठी पुस्तकं चाळली. आता ती मंडळी हवेच्या कणांच्या आतलं काहीबाही सांगतात आणि ते खरंही असेल, पण मास्तरांच्या भिंतीपेक्षा जास्त मला कधी कळलं नाही.

चैत्रात कारखान्याला आग लागली. दुपारची वेळ, पट्ट्याखालच्या थरानं पेट घेतला, तिथून रुईच्या कोठीत गेली. बाया ओरडत बाहेर आल्या. माणूस कुणी दगावलं नाही, पण कोठीतला निम्मा माल काळा झाला आणि नदीपर्यंत जळकट वास पसरला. दाजीसाहेब राखेकडं पाहत उभे होते आणि कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं की सोनाबाई कारखान्यात विस्तव आणते, मिश्री भाजते. एवढं पुरलं. तिचं खापर खरंच सापडलं, पण ते आवारातल्या विहिरीपाशी, पट्ट्यापासून पार दुसऱ्या टोकाला. ते कुठं सापडलं हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळी फौजदाराचा शिपाई दारात आला. तहसीलदार स्वतः येऊन कारखान्यातच चौकशी करणार होते. दोष ठरला तर तुरुंग. आणि तोपर्यंत एकाही बाईला कामावर घ्यायचं नाही, असा दाजीसाहेबांचा हुकूम.

बातमी ऐकून माय अमरावतीहून बैलगाडीनं आली. सोबत जुन्या वाफ्यातली उरलीसुरली वांगी. दोघी चुलीपुढं बसल्या. आत्या म्हणाली, "मी विस्तव आत नेला नाई वो. विहिरीवर भाजली, तिथंच इझवली. पण माह्यं कोण ऐकते?"

"मी ऐकवतो," मी म्हणालो. "पट्ट्यातून ठिणगी उडते. राळ आणि रुई एकत्र आली की पेटते. ते मी सगळ्यांसमोर पेटवून दाखवतो."

माय माझ्याकडं पाहत राहिली. "अमरावतीले दाखवलं होतं तसं?"

मास्तर आधी तयार नव्हते. कोरड्या रुईला ठिणगीनं आग लागतेच असं नाही, म्हणाले. मग आम्ही शाळेच्या पडवीत कारखान्यातली राळ रुईवर भुरभुरवून ती तारेच्या टोकाला गुंडाळली, बरणी भरली, तार गोळ्याजवळ नेली. फटकन आवाज आला आणि रुई भपकन पेटली. मास्तर शिंकले आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. लगेच पत्रक लिहिलं: 'आगीचा खरा चोर पट्ट्यावर बसला आहे. ज्याला डोळे आहेत त्यानं यावं.' गावभर वाटलं. तहसीलदारांनी यंत्र पाहायला होकार दिला. तेही बहुधा करमणूक म्हणून.

त्या दिवशी गरम वाऱ्याची लू सुटली होती. उघड्यावर रुईचा कण ठरेना, म्हणून यंत्र जळक्या कोठीशेजारच्या दुसऱ्या, रिकाम्या कोठीत मांडलं. तिला खिडक्या नव्हत्या. माणसांनी आवार भरलं. तहसीलदारांना खुर्ची, दाजीसाहेबांना पाट, बाकी सगळे भिंतीला टेकून. मी बाहेर फौजदाराशी वाद घालत होतो, कारण तो कामकरी बायांना आत सोडत नव्हता. त्यांच्याच पोटाचा प्रश्न आणि त्यांनाच दार बंद! मी भांडून त्यांना आत नेलं. आत गेलो आणि समोर पाहिलं तर गोळा लालभडक.

आत्यानं पूजा केली होती. नवं यंत्र आहे, आपल्याला सोडवायला आलं आहे, त्याला तसंच कोरडं कसं फिरवायचं? तिनं गोळ्यावर हळदकुंकू ओलं करून माखलं होतं, त्यावर अक्षता चिकटवल्या होत्या, आणि स्वतः वळलेली कापसाची वस्त्रमाळ गुंडाळली होती. आमच्याकडं देवाला वस्त्र म्हणजे कापूस. दाजीसाहेब मान डोलवत होते. तहसीलदारांनीही दोन अक्षता टाकल्या होत्या. मास्तर कोपऱ्यात उभे, चेहरा पांढरा. पुण्याकडचा एकटा माणूस, वऱ्हाडातली भरली कोठी, आणि एक बाई डोळे मिटून हात जोडून उभी. त्यांना थांबवता आलं नाही. मला आलं असतं? पत्रकात शंभरदा आलं असतं.

"हे पुसावं लागेल," मी म्हणालो. "राखेनं घासून, चांगलं लखलखीत."

"लावलेलं कुंकू पुसतं?" दाजीसाहेब ताडकन म्हणाले. "अरे लक्षू, तुया घरचीच बाई उभी हाये ना कटघऱ्यात? अपशकुन करतं काय तिले?"

"सुरू करा हो," तहसीलदार म्हणाले. "उकाडा फार आहे. दार ओढून घ्या, धूळ येते."

दार ओढलं. काळोख झाला. मी माळ तेवढी ओढली, ती अर्धी तुटून आली, अर्धी कुंकवात रुतून राहिली. मास्तरांनी चाक फिरवायला घेतलं. फिरवत राहिले. मी राळेची रुई गुंडाळलेली तार गोळ्याजवळ नेली. काही नाही. अजून जवळ. स्स्स. मागून कुणीतरी म्हणालं, "खरा चोर झोपला वाटते!" आणि हशा पिकला. मला कळत होतं नेमकं काय होतं आहे. प्रत्येक अक्षत म्हणजे एक टोक, कापसाचा प्रत्येक उभा तंतू म्हणजे एक सुई. बरणीत येईल तेवढी वीज तिथून गळून जात होती. आत्याची सुटका तिच्याच हातानं लावलेल्या तांदळांतून गळत होती, आणि हे मी कुणाला सांगणार?

मग हसणं थांबलं. डोळे काळोखाला सरावले होते. गोळ्यावर जांभळा उजेड चढला होता. एकेका अक्षतेच्या टोकावर एकेक थेंब, आणि तुटक्या माळेचे तंतू उभे राहून त्यांच्या टोकांवर बारीक पिसारा. कसलासा कोरा, नाकात झोंबणारा वास सुटला. आत्या गोळ्याच्या अगदी जवळ उभी होती. तिच्या कपाळावरचे पांढरे केस हळूहळू उचलले गेले आणि गोळ्याकडं वळून थरथरायला लागले. ती हलली नाही. कुठल्याशा बाईनं हुंदका दिला. "आई, आई, जगदंबे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तहसीलदार उभे राहिले होते आणि पायातले जोडे काढत होते.

"ही देवी नाही!" मी ओरडलो. "ही टोकांतून गळणारी वीज आहे! मास्तर, सांगा यांना!" मास्तरांनी चाक थांबवलं नाही, एका हातानं फिरवत दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि कानाशी म्हणाले, "गप्प राहा. तुझी आत्या सुटते आहे."

सुटली. दार उघडलं तेव्हा दाजीसाहेब तिच्या पायांवर होते. तहसीलदारांनी कागदावर लिहिलं की आगीचं कारण आढळून येत नाही, आणि जोडे हातात घेऊनच बाहेर पडले. बायांना दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं. मी एकटा त्या कोठीत बसून राहिलो. मी हरलो होतो आणि मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी मास्तर घरी आले. मायनं आणलेली वांगी आत्यानं भरून केली होती. तिनं मास्तरांसाठी पाट मांडला, ते संकोचून त्यावर बसले. जेवता जेवता मी म्हणालो, "आणि पट्टा? पट्टा तसाच आहे. राळ तीच, रुई तीच. पुन्हा पेटेल. या वेळी माणसं जळतील."

मास्तर म्हणाले, "औषध तर आज सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, लक्ष्मण. टोकं. पट्ट्याच्या अगदी जवळ पितळेची दातेरी पट्टी लावायची, टोकं पट्ट्याकडं, आणि तिची तार जमिनीत पुरायची. साठण्याआधीच वीज गळून जाईल. ठिणगी होणारच नाही."

आम्ही दोघं दुसऱ्याच दिवशी दाजीसाहेबांकडं गेलो. त्यांनी बसायला दिलं, गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, तुमी हुशार मानूस," ते म्हणाले, "पण आता माह्या कारखान्यात साक्षात आई हाये. तिच्या मधात तुमचं पितळ कायले?" मी पत्रक काढायची धमकी दिली. ते हसले. "काढ बापा. कागद महाग झाला म्हंते, जपून काढ."

त्या रात्रीच्या जेवणाला मी बसलोच नाही. ओट्यावर लेखणी घेऊन बसलो. आत्या बाहेर येऊन शेजारी टेकली. खापर नव्हतं. आगीच्या दिवसापासून तिनं मिश्री सोडली होती.

"काय लिहून राहिला?"

"खरं."

"लिही. पण उद्या सकाळी मी त्या पट्ट्याजवळ उभी रायणार. शेजारच्या साऱ्या जणी उभ्या रायणार. खरं वाचून दाजीसाहेब थे पितळ लावते का?"

मी लेखणी शाईत बुडवली.

"मंग मी सांगू काय त्यायले? आईले ओटीत काय देतात रे? खण, नारळ, बांगड्या, आन्‌ फणी. मी म्हंते आईनं फणी मागतली. पितळेची. पट्ट्याजवळ."

"आत्या, ते खोटं आहे."

"हाव, खोटं हाये," ती शांतपणे म्हणाली. "मले मालूम हाये खोटं हाये. तुये मास्तर सांगत होते ना तवा मीही ऐकून राहिली होती, भाजी वाढता वाढता. पण मले सांग लक्षू, तुले बाया जगायले पायजे का तुया कागद?"

मी कागदाकडं पाहत राहिलो. मथळा मोठ्या अक्षरांत लिहून झाला होता. खाली एकही ओळ नव्हती. शेवटी मी विचारलं, "दाते किती जवळ लावायचे ते त्यांना कोण सांगेल?"

"तू सांगजो. आई कुठं मोजमाप सांगते?"

त्याच आठवड्यात पितळेची हातभर लांब फणी घडून आली. मास्तर आणि मी मिळून ती पट्ट्याजवळ बसवली, तार आवारातून लांब नेऊन विहिरीपाशी ओल्या मातीत पुरली. दाजीसाहेबांनी नारळ फोडला. मी मागं उभा राहून दात आवळून पाहिलं. त्या दिवसापासून तेलाच्या भांड्याला हात लावला तरी कुणाला चटका बसेना. बाया म्हणाल्या, आई शांत झाली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं आणि नाक पुसलं.

पण आमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. ज्या फणीत देवी आहे ती फणी नुसती कशी राहील? मंगळवारी आणि शुक्रवारी प्रत्येक बाई कामावर येताना तिला हळदकुंकू लावायची. दात्यांच्या टोकांवर लेप बसायचा, त्यावर तेल, त्यावर राळेची धूळ. टोकं बुजून गोळे व्हायचे, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कुणालातरी चटका बसला. मी दाजीसाहेबांना म्हणालो, कुंकू बंद करा. ते म्हणाले, तूच बंद करून दाखव. करून दाखवता आलं नाही. मग मी काय करणार? चिंच आणि राख घेऊन दर मंगळवारी, दर शुक्रवारी सकाळी, इंजिनात बाफ चढायच्या आधी कारखान्यात जाऊ लागलो. एकेक दाता घासून धार लखलखीत करायची, फडक्यानं कोरडा करायचा, मग बायांना आत सोडायचं; एका वेळच्या कुंकवानं टोकं बुजत नव्हती. अकोल्यात होतो तोवर हे काम मी केलं, ती दोन वर्षं एकही पत्रक काढलं नाही. वेळ नव्हता असं मित्रांना कळवलं.

एका शुक्रवारी अंजनगावाकडून नव्यानं आलेली एक बाई ताटली घेऊन लवकर आली. मी फणीशी वाकून बसलेला, हात कोपरापर्यंत राखेचे. तिनं ताटली खाली ठेवली, पदर डोक्यावर ओढला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला लागली.

"पुजारीबुवा, आशीर्वाद द्या," ती म्हणाली. "पह्यलाच दिवस हाये माहा."

तिला सांगायला माझ्याकडं पुष्कळ होतं. मी पाय मागं घेतले, फडकं झटकलं.

"जरा थांब बाई," मी म्हणालो. "अजून चार दाते राह्यले."